इंजिन फिरतं, गाडी हलत नाही: गिअरबॉक्स उघडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, ड्राइव्ह पुढच्या चाकांना, ९२ हजार किलोमीटर झालेली. केरीहून चोर्ला घाट चढताना एका आखूड वळणावर 'खट्ट' असा आवाज झाला आणि गाडी थांबली. इंजिन चालू राहिलं. गिअर सगळे पडतात, पण क्लच सोडून रेस दिली तरी गाडी जागची हलत नाही. त्याआधी आठ-दहा दिवस स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टकटक ऐकू यायची. गाडी टो करून डिचोलीच्या एका गॅरेजात ठेवली आहे. तिथे सांगितलं, "गिअरबॉक्स गेला. ५८ हजार होतील, २० हजार आधी द्या." बाजारात गाडीला अडीच लाख येतील. करायचं काय?

पहिली गोष्ट, ॲडव्हान्स थांबवा. गॅरेजवाला फसवतोच आहे असं नाही. पण 'गिअरबॉक्स गेला' हा निष्कर्ष आहे आणि त्याच्या आधीची तपासणी तुमच्या वर्णनात कुठेच दिसत नाही. त्या तपासणीला जॅक, दोन स्टँड, टॉर्च आणि अर्धा तास लागतो.

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी बरंच काही सांगतात. पाचही पुढचे गिअर आणि रिव्हर्स एकाच क्षणी गेले. गिअरबॉक्सच्या आत प्रत्येक गिअरची जोडी वेगळी असते. दुसऱ्याचे दात गेले तर दुसरा जातो, तिसरा चालतो. सगळे एकदम गेले म्हणजे दोष अशा ठिकाणी आहे जिथून प्रत्येक गिअरची ताकद जाते: क्लच, इनपुट शाफ्ट (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये ताकद आणणारा दांडा), गिअरची केबल, डिफरन्शियल (दोन्ही चाकांत ताकद वाटणारी गिअरची जोडणी) किंवा तिथून चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट. दुसरी गोष्ट, लिव्हर नेहमीसारखा खाच घेऊन पडतो आहे, त्यामुळे केबल सुटल्याचा संशय कमी. केबलचं टोक सुटलं की लिव्हर ताकातल्या रवीसारखा कुठेही फिरतो. तिसरी आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे आठवडाभराची टकटक. वळणावर येणारी आणि सरळ रस्त्यावर थांबणारी टकटक हा चाकाकडच्या सी.व्ही. जॉइंटचा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाला असलेल्या, चाक वळलं तरी ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा आवाज आहे. गिअरबॉक्स तसा वाजत नाही.

माझा संशय शाफ्टवर आहे. पण संशयावर पार्ट बदलायचा नसतो, नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

इथे एक प्रश्न हटकून येतो: मोडला असेल एका बाजूचा शाफ्ट, मग दुसऱ्या चाकाने गाडी का ओढली नाही? कारण डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही बाजूंना सारखाच जोर मिळतो आणि तो जोर कमी अडथळ्याच्या बाजूने ठरतो. एका बाजूचा शाफ्ट तुटला की त्या बाजूला अडथळाच उरत नाही. मग इंजिनाची सगळी फिरत तिकडून वाहून जाते आणि धडधाकट चाकाला काहीच मिळत नाही. चिखलात एक चाक नुसतं फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं, तोच प्रकार. म्हणूनच एका जॉइंटच्या मोडण्याने गाडी पूर्ण मेल्यासारखी वाटते आणि घाईत गिअरबॉक्सवर आळ येतो.

आता तपासणी. सपाट जागा घ्या, इंजिन बंद, पहिला गिअर, हँडब्रेक सोडलेला, चाकांपुढे-मागे हातभर अंतरावर दगड. दोघांनी गाडी ढकला. सगळं जोडलेलं असेल तर गाडी अडते, इंजिनाचं कॉम्प्रेशन हाताला जाणवतं. न्यूट्रलमध्ये असल्यासारखी सहज पळाली तर चाक आणि इंजिन यांच्यामध्ये काहीतरी पूर्ण तुटलं किंवा सुटलं आहे. घासून सपाट झालेली क्लच प्लेटसुद्धा ढकलण्याइतक्या जोराला थोडीफार धरते, म्हणून या एका ढकलण्याने 'झिजलं' आणि 'तुटलं' वेगळं होतं.

मग पुढची दोन्ही चाकं उचला आणि गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली डोकं घालू नका. पावसाळ्यात गॅरेजच्या मातीच्या अंगणात जॅक खचतो, खाली जाड फळी हवीच. गाडी पहिल्या गिअरमध्येच असू द्या, इंजिन बंद. एक चाक हाताने पुढे फिरवा. दुसरं चाक उलट दिशेने फिरलं पाहिजे. फिरलं नाही, तर दोनपैकी एका शाफ्टचा दुवा तुटला आहे. कुठे, ते डोळ्यांनी दिसतं. चाक फिरतं पण शाफ्टचा दांडा स्थिर असेल तर बाहेरचा जॉइंट गेला. दांडा फिरतो पण गिअरबॉक्सकडचा कप स्थिर असेल तर आतला. हाताच्या फिरवण्याने कळलं नाही तर इंजिन सुरू करून पहिल्या गिअरमध्ये आयडलवर दहा सेकंद चालवायचं आणि बाजूला उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ घ्यायचा. चाकं लोंबकळत असताना जॉइंट वाकड्या कोनात असतात, त्यामुळे जास्त वेळ चालवू नये. ए.बी.एस.चा दिवा लागला तर घाबरू नका, पुढची चाकं फिरताहेत आणि मागची नाहीत म्हणून तो लागतो. तुम्ही गॅरेजला जाऊ शकत नसाल तर हाच व्हिडिओ मागून घ्या. त्यात दोन्ही शाफ्ट ढिम्म दिसले तरच दोष त्यांच्या अलीकडे, म्हणजे क्लच किंवा गिअरबॉक्समध्ये.

शाफ्ट मोडलेला असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेलं असतं आणि रिमच्या आतून, शॉकॲब्सॉर्बरवर, वर मडगार्डच्या पोटाला काळ्या ग्रीसचा गोल शिंतोडा दिसतो. हा शिंतोडा एका दिवसाचा नसतो. बूटला घडीत चीर पडते, ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्याच चिरेतून आपल्याकडची चिऱ्याची लाल धूळ, पावसाळ्यात पाणी, किनाऱ्याकडे राहत असाल तर वाळूही आत जाते. उरलेल्या ग्रीसमध्ये ती मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. आत पिंजऱ्यात बसवलेल्या सहा गोळ्या आपल्या खोबणी खात जातात, टकटक सुरू होते, आणि एखाद्या चढावर, स्टिअरिंग वळलेलं असताना, पूर्ण जोर लागताच पिंजरा फुटतो. तुमचं 'खट्ट' बहुधा हेच. पाचशे-आठशे रुपयांचा बूट वेळेवर बदलला असता तर जॉइंट वाचला असता. पावसाळ्याआधी आणि नंतर दोन्ही बाजूंचे चारही बूट पाहायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी शक्यता म्हणजे शाफ्ट तुटलेला नाही, गिअरबॉक्समधून बाहेर सरकला आहे. त्याच्या टोकाला खाचेत एक बारीक तारेची रिंग असते, सर्क्लिप. ती आतल्या गिअरमागे अडकून शाफ्ट धरते. मागच्या वेळी काम करताना जुनीच, दबलेली रिंग परत टाकली, किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट निसटून चाक बाहेर ओढलं गेलं, किंवा इंजिनाचं माउंटिंग फाटून इंजिन सरकलं, तर शाफ्ट निघतो. खूण म्हणजे ऑइल. शाफ्टच्या जागेतून गिअर ऑइल गळून गाडीखाली थारोळं होतं. अशा वेळी नुसता शाफ्ट ठोकून बसवून दिला तर तो पुन्हा निघणार. का निघाला ते सापडायला हवं. शिवाय ऑइल गेल्यानंतर इंजिन किती वेळ रेस केलं हेही विचारा, कारण कोरडा गिअरबॉक्स लवकर खराब होतो.

समजा दोन्ही शाफ्ट ठीक निघाले. मग क्लच. झिजलेला क्लच आधी सूचना देतो: चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर रेस वाढते, वेग वाढत नाही. गोव्यात हे पहिल्यांदा बहुधा फेरीबोटीच्या धक्क्यावर कळतं. रायबंदर-चोडणच्या फेरीतून उतरून हाफ क्लचवर रॅम्प चढताना जळका वास येतो आणि मालक तो शेजारच्या गाडीच्या नावावर खपवतो. खात्री करायची तर हँडब्रेक घट्ट, ब्रेकवर पाय, तिसरा गिअर, आणि क्लच सावकाश सोडायचा. इंजिन गचका खाऊन बंद पडलं पाहिजे. चालू राहिलं तर क्लच सरकतो आहे. ही चाचणी एकदाच. पुन्हा पुन्हा केली तर चाचणीच क्लच जाळते. नुसता तापलेला क्लच अर्धा-पाऊण तास थंड केल्यावर थोडा धरतो आणि घाटातून सपाटीपर्यंत आणतो. 'खट्ट' झालेल्या गाडीवर मात्र हा प्रयोग करू नये.

वास नाही, झीज नाही आणि तरी ड्राइव्ह नाही, असं असेल तर क्लच प्लेटच्या मधल्या हबचे दाते गेलेले असू शकतात. प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाला, धरते, पण इनपुट शाफ्ट आत नुसता घसरतो. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. लक्षात घ्या, गिअरबॉक्स उतरवणं वेगळं आणि उघडणं वेगळं. एस्टिमेटमध्ये हे दोन्ही एकाच ओळीत आले तर तिथेच बोट ठेवा. क्लचचं पेडल तळाला जाऊन परत येत नसेल तर तो तिसराच प्रकार, केबल किंवा फोर्क अडकल्याचा. आणि हायड्रॉलिक क्लचचं ऑइल संपलं तर क्लच सुटत नाही, गिअर पडत नाहीत. ती अडचण तुमच्या अगदी उलट आहे, पण दोन्हीला 'क्लच गेला' एवढंच म्हणतात. महिनोन्‌महिने बोटीवर असणाऱ्यांच्या गाड्या पावसाळा संपल्यावर काढल्या की प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते, तीही याच उलट्या जातीची.

गिअरबॉक्सच्या आतलं काही मोडलंय का, याचा साक्षीदार म्हणजे ऑइल. ड्रेन प्लग उघडून स्वच्छ ट्रेमध्ये काढा. छोट्या गाड्यांत साधारण दोन लिटर निघतं. चुंबक लावलेला प्लग असेल तर त्यावर करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असणं ९२ हजारांना स्वाभाविक आहे. चमकदार पापुद्रे, दाताचा तुकडा, पिनेचा तुकडा असेल तर मात्र गॅरेजवाला बरोबर आहे. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे. तापलेला गिअरबॉक्स साचलेल्या पाण्यात घातला की एकदम थंड होतो आणि हवा जाण्यायेण्याच्या नळीतून (ब्रीदर) पाणी आत ओढतो. पूर आलेल्या रस्त्यातून गाडी 'सुखरूप' काढल्यानंतर सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडतात, ती यामुळे.

तुमची गाडी मॅन्युअल आहे, पण दुसऱ्या प्रकारची गाडी असलेल्यांसाठी थोडक्यात. ए.एम.टी. म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर मशिनच्या हातात. त्यात ड्राइव्ह गेला आणि डिस्प्लेवर एन लुकलुकतो आहे, तर आधी बॅटरीचं व्होल्टेज, खाऱ्या हवेने हिरवी झालेली टर्मिनल आणि ब्रेक लाइटचा स्विच पाहा. ब्रेक दाबलेला कळला नाही तर ती गिअरच घेत नाही. क्लच बदलल्यावर स्कॅनरने नवीन क्लच शिकवावा लागतो; ते न करता दिलेली गाडी गचके देते. ऑटोमॅटिकमध्ये एक सुंदर चाचणी फुकट मिळते: 'पी'मध्ये टाकून हँडब्रेक सोडा. तरीही गाडी घरंगळली तर शाफ्ट तुटला किंवा सुटला, कारण 'पी' गिअरबॉक्सचं तोंड बांधतो, चाकाचं नाही. ऑटोमॅटिक आणि सी.व्ही.टी. (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका, फ्लॅटबेडच मागवा. मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) आणि त्याचा क्रॉस, म्हणजे सांधा, खाली वाकून पाहिला की उत्तर मिळतं. आणि कुठल्याही गाडीत ॲक्सिलरेटर दाबूनही रेसच वाढत नसेल, तर हे सगळं सोडा. दोष ड्राइव्हचा नसून इंजिनाचा आहे.

आता पैसे. खालचे आकडे छोट्या पेट्रोल हॅचबॅकचे, बाहेरच्या चांगल्या गॅरेजचे, ढोबळ आहेत. बाहेरचा सी.व्ही. जॉइंट किट २ ते ४ हजार, पूर्ण शाफ्ट ४ ते ८ हजार, कंपनीचा घेतला तर त्याच्याही वर. मजुरी एका बाजूला ८०० ते १५००. ऑइल सील दोन-तीनशे, गिअर ऑइल हजाराच्या आसपास. म्हणजे माझा संशय खरा ठरला तर तुमचं काम ५ ते १० हजारांत बसतं. क्लच सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, ४ ते ७ हजार. गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची मजुरी अडीच ते साडेचार हजार. क्लच करताना तिन्ही नवीन घ्या आणि क्रँकचं मागचं सील व इनपुट शाफ्टचं सील त्याच वेळी बदला. तीनशे रुपयांच्या सीलने नवीन प्लेटवर ऑइल ओतलं तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. जुनी प्लेट 'अजून चालेल' असं म्हणत असतील तर रिव्हेटचं डोकं पाहा. ते लायनिंगच्या पृष्ठभागापासून ०.३ ते ०.५ मिलिमीटर खोलीवर आलं की प्लेट संपली.

खरंच गिअरबॉक्स फुटला असेल तर अडीच लाखांच्या गाडीवर ५८ हजारांची रिबिल्ड म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला महाग होण्याच्या वाटेवर. त्याऐवजी वापरलेला गिअरबॉक्स १२ ते २२ हजारांत मिळतो. मुंबईला कुर्ल्याहून मागवतात. इंजिन आणि गिअरबॉक्सचे क्रमांक जुळवा, कारण त्याच मॉडेलमध्ये वर्षानुसार गिअरचं प्रमाण बदलतं. किमान ३० दिवसांची हमी बिलावर लिहून घ्या आणि बसवण्याआधी नवीन क्लच, नवीन सील टाका. फक्त एखादं हाउसिंग किंवा शाफ्टची जागा मशिनिंग करून वाचत असेल, तर बेळगावचं उद्यमबाग जवळ आहे.

गॅरेजशी बोलताना तपासणीचे पैसे वेगळे द्यायला तयार व्हा. ५०० ते १००० रुपये वाजवी आहेत. वाक्य असं ठेवा: "शाफ्ट आणि ऑइल तपासून व्हिडिओ पाठवा, मग एस्टिमेट लेखी द्या. त्यापुढे काही उघडायचं असेल तर आधी फोन करा." एस्टिमेटमध्ये पार्टचं नाव, कंपनीचा की बाहेरचा, किंमत आणि मजुरी वेगवेगळी हवी. 'गिअरबॉक्स काम, ५८,०००' हे एस्टिमेट नव्हे. जुने पार्ट परत हवेत हे आधीच सांगा. बिलावर जीएसटी लावला असेल तर पंधरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक पाहा. गोव्यात नोंदवलेला असेल तर तो ३० ने सुरू होतो. नोंदणी नसलेल्या छोट्या गॅरेजला कर लावताच येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के कर आहे. कोणी अजून २८ लावत असेल तर विचारा.

गाडी दुसरीकडे न्यायची असेल तर झालेल्या कामाचे पैसे द्यावेच लागतात. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्या वस्तूवर मेहनत-कौशल्य खर्च केलं ती वस्तू मोबदला मिळेपर्यंत ठेवून घेण्याचा हक्क कारागिराला आहे. न केलेल्या कामासाठी तो नाही. म्हणून गिअरबॉक्स खोलण्याच्या आत निर्णय घ्या. खोललेला गिअरबॉक्स टबमध्ये घेऊन दुसऱ्या गॅरेजला गेलात तर तिथे कोणी खुशीने हात लावत नाही.

विम्याची आशा फार धरू नका. साध्या मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. दगडावर आपटून गिअरबॉक्सचं कव्हर फुटलं असेल तर तो अपघात, त्याचा दावा होतो. पण ऑइल गळत असताना गाडी तशीच चालवून आतलं जळलं, तर तो भाग नाकारला जातो. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स असेल तर टो करण्याचे पैसे तरी वाचतात. तक्रारीची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तिथे लेखी एस्टिमेट, बिल, व्हिडिओ आणि जुना पार्ट एवढंच बोलतं.

काम शाफ्टचंच निघालं तर दोन-तीन गोष्टी बजावून सांगा. हब नट (शाफ्ट चाकाला धरणारा मधला मोठा नट) नवीन, टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे घट्ट केलेला, आणि कडा खाचेत ठोकून लॉक केलेला. सर्क्लिप नवीन. ऑइल सील नवीन, कारण शाफ्ट काढताना जुन्याची कड हमखास दुखावते. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच, बहुतेक ठिकाणी ७५डब्ल्यू-९० किंवा त्याच्या जवळचं, जीएल-४. लेव्हल फिलर प्लगच्या कडेपर्यंत, गाडी सपाट उभी असताना. गाडी ताब्यात घेताना रिकाम्या जागेत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. दुसऱ्या बाजूलाही टकटक असेल तर तोही जॉइंट आत्ताच करून घ्या. पन्नास किलोमीटर झाल्यावर चाकाच्या आतून पुन्हा टॉर्च मारा: रिम कोरडी हवी, बूटचे दोन्ही क्लॅम्प जागेवर हवेत.